जाऊबाईचं वजन

बर्फाचा कारखाना बंद पडला त्याला माझ्या वयाहून जास्त वर्षं झाली. त्याच्या समुद्राकडच्या भिंतीला खिडक्यांच्या ओळी आहेत आणि प्रत्येक खिडकीला बाहेरून रुंद कट्टा. माणसं गेली तसे कट्ट्यांवर कुरव आले. कड्याच्या कपारीत घरटं करणारे हे पक्षी. त्यांच्या लेखी ती भिंत म्हणजे एक सरळसोट कडाच होती, फक्त जरा नीटनेटका. मग विद्यापीठातून त्यांचा अभ्यास करायला आई-बाबा आले. त्यांनी खिडक्यांना आतून आरपार दिसणारी आणि बाहेरून आरसा होणारी काच बसवली, प्रत्येक घरट्याखाली एक वजनकाटा सरकवला आणि आतल्या अंधाऱ्या खोल्यांमध्ये स्टूल टाकून बसले. त्यांचा संसार तिथेच झाला असं आत्या म्हणते.

"घरी नुसते झोपायला यायचे दोघं. तूसुद्धा त्या बर्फाच्या कारखान्यातच उबलीस."

आई हिवाळ्यात गेली. वसंतात पहिले कुरव कट्ट्यांवर उतरले तेव्हा बाबा कारखान्यात गेले आणि परत घरी आलेच नाहीत. आपली गादी मागवून घेतली, मग रेझर, मग आतले कपडे. शेवटी आत्याने मला फोन केला. ती बाबांची थोरली बहीण. आईच्या आजारपणात येऊन राहिली ती राहिलीच.

"ये आणि तुझ्या बापाला घरी आण. मी काही त्या घाणीत पाय ठेवणार नाही. माणूस एकटा पडला की हट्टी होतो, आणि हा तर आधीपासूनच."

ग्रंथालयातून रजा घेऊन मी आले ती एवढ्याच कामासाठी.

आत्या स्वयंपाकघरात डबा भरत होती. माशाचे पांढरे तुकडे, नुसते उकडलेले, त्यावर काही म्हणजे काही नाही.

"हे काय गं?"

"तुझ्या बापाची फर्माईश. मीठ नको, तेल नको, तिखट नको. काटे काढून ठेव म्हणे. लहानपणी माझ्या ताटातला तळलेला तुकडा पळवायचा हाच." तिने झाकण दाबून बसवलं. "पण डबा चाटूनपुसून परत येतो हं. त्या बाबतीत तक्रार नाही. बेचव तर बेचव, पोटात जातंय ना!"

डबा घेऊन मी निघाले. धक्क्याकडे उतरणारा रस्ता धुक्यात अर्धाच होता. दोरखंडांच्या दुकानाचा मालक दारात उभा राहून धुक्याकडे असा बघत होता, जणू कोणीतरी त्याचं गिऱ्हाईक आत अडवून ठेवलंय. पुढे रंगाचा वास, डिझेलचा वास, आणि मग सगळे वास गिळून टाकणारा तो एक वास: मासे, चुना आणि ओलं गवत यांचा मिळून झालेला. त्या वासात मी चालायला शिकले आहे. तो आला की माझी पावलं आपोआप लहान होतात.

कारखान्याच्या पायरीवर तराजूकाका एक वजनकाटा मांडीवर उपडा घेऊन बसले होते. सगळ्या खिडक्यांचे काटे तेच सांभाळतात. नाव त्यांचं दुसरं आहे, पण मला बोलायला यायला लागल्यापासून ते तराजूकाकाच.

"आलीस? बरं झालं. तुझ्या वडिलांना सांग, ह्या काट्यात काही बिघाड नाही. हा मी दुसऱ्यांदा बदललाय. मापाचं वजन ठेवून बघितलं, बरोबर दाखवतो. ओला करून बघितलं, बरोबर दाखवतो. आता काय, देवापुढे ठेवू?"

"झालं काय पण?"

"जाऊबाई," काका म्हणाले. "जाऊबाई रोडावत नाहीये."

जाऊबाई म्हणजे वरच्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खिडकीतली मादी. नाव आईने ठेवलेलं. सदा मान वळवून शेजारच्या घरट्यात काय चाललंय ते बघायची आणि शेजारीण उडाली रे उडाली की तिथलं गवत उचलून आणायची. तिच्या जोडीदाराला मग ओघानेच भावोजी म्हणायला लागले. भावोजी उशिरा येण्याबद्दल प्रसिद्ध. कुरवांमध्ये अंडं दोघं मिळून उबवतात. एक बसतो, दुसरा समुद्रावर जाऊन पोट भरतो, परत येऊन जागा घेतो. बसलेला काही खात नाही. त्याच्या अंगातली चरबी जळते, त्यातूनच अंड्याला ऊब मिळते, आणि खालच्या काट्यावर वजन हळूहळू उतरत जातं. दुसरा वेळेवर आला तर ठीक. नाही आला तर बसलेला वाट बघतो, झिजतो, आणि एका हद्दीपाशी पोचला की अंडं सोडून उठतो. ती हद्द बाबांनी शोधून काढली आहे. पक्षी स्वतः मरेपर्यंत बसत नाही. स्वतः जगला तर पुढच्या वर्षी पुन्हा अंडं घालता येतं. यात निष्ठुर काही नाही. लहान असताना मला ते पटायचं नाही, एवढंच.

भावोजी ह्या खेपेला आलेच नव्हते. वादळ झालं होतं, जाळी असतात, काहीही असू शकतं. इतर कोणी असती तर केव्हाच उठून गेली असती. जाऊबाई बसली होती, आणि संगणकाच्या पडद्यावरची तिच्या वजनाची रेघ, जी उतारावरून घसरत यायला हवी होती, ती सपाट होती.

"असं होतच नाही," काका म्हणाले. "दिवा जळतो आणि तेल तेवढंच राहतं, असं कुठे बघितलंयस?"

मी जिना चढून वर गेले. खोली होती तशीच. आत काळोख आणि काळोखात खिडक्यांचे उजळ चौकोन. प्रत्येक चौकोनात एक पांढरं पोट, करडा पंख, पिवळी चोच. ते इतके जवळ असतात की त्यांच्या डोळ्यांभोवतीची लाल कडा दिसते. मी लहानपणी इथे पोत्यांच्या ढिगावर झोपायचे, आणि झोप लागता लागता वाटायचं की आपण समुद्राच्या तळाशी आहोत आणि वरून ही सगळी आपल्याला बघताहेत. प्रत्यक्षात ती कोणालाच बघत नव्हती. काचेत त्यांना फक्त स्वतःचं रूप दिसायचं. वर्षानुवर्षं आम्ही त्यांच्या इतक्या जवळ बसलो, आणि त्यांच्या लेखी तिथे दुसरा एक कुरव होता, जो त्यांच्याबरोबरच बसायचा आणि त्यांच्याबरोबरच उठायचा.

बाबा कोपऱ्यातल्या स्टुलावर होते. मी त्यांना पाठमोरंच ओळखलं, पण क्षणभर उशिरा. सदरा खांद्यांवरून लोंबत होता. पँटला पट्ट्याऐवजी काट्याच्या पेटीची दोरी बांधली होती.

"ये," ते म्हणाले. "हळू. शेजारीण नवीन आहे, बुजते."

"बाबा, घरी चला. आत्या वाट बघतेय."

"येणार ना. हिचा तो आला की येतो."

"आणि नाही आला तर?"

"मग ही उठेल. ही उठली की मी उठतो." त्यांनी पडद्याकडे बोट दाखवलं. "पण बघ, बसली आहे. बघ की!"

आवाजात अभिमान होता. मला तो आवाज ओळखीचा होता, पण फार वर्षांपूर्वीचा. मला शाळेत बक्षीस मिळालं तेव्हाचा.

मी पोत्यांवर बसले. काचेवर धुकं पांढरं, पलीकडे जाऊबाई पांढरी, आणि दोन्हींच्या मधली सीमा पुसट. एकदा तिने पापणी मिटली तेव्हा मला वाटलं की खिडकीनेच मिटली. वेळ तिथे पाण्यासारखा साठतो. आई शेवटच्या महिन्यांत अशीच खिडकीशी निजून असायची, उजेडाच्या बाजूला तोंड करून, आणि आम्ही आळीपाळीने तिच्यामागे बसायचो.

आई आणि बाबांचं एक भांडण होतं. ते माझ्याही आधी सुरू झालं होतं आणि जेवणाच्या टेबलावर, बसमध्ये, पाहुण्यांसमोर, कुठेही पुन्हा सुरू व्हायचं. पिल्लं वाढवताना पक्ष्यांचं वजन उतरतं, यावर दोघांचं एकमत. का उतरतं, यावर नाही. बाबा म्हणायचे, झीज. दुसऱ्यासाठी राबलं की अंग झिजतं, त्याची ही किंमत. आई म्हणायची, झिजत नाहीत, हलकी होतात, आपण होऊन. दिवसभर खेपा घालायच्या तर जड अंग परवडत नाही, म्हणून टाकतात वजन. उडायला सोपं पडतं.

"अगं, उपाशी माणूस पण उडायला सोपा पडतो," बाबा म्हणायचे.

"तुला उडता येत नाही ना, म्हणून कळत नाही," आई म्हणायची.

आपलं म्हणणं सिद्ध करायला तिने काही खिडक्यांना एक नळी बसवली होती. आतून मासा सरकवला की घरट्याच्या काठाशी पडायचा. मासे मिळालेल्या पक्ष्यांचंही वजन पिल्लं निघाल्यावर उतरलंच. आई घरभर नाचली. बाबा म्हणाले, तुझे मासेच निकस असतील. नळ्या मग बूच मारून बंद करून टाकल्या, कारण पाहणं वेगळं आणि पोसणं वेगळं. काचेच्या आतल्या माणसाने बाहेरच्या जगात ढवळाढवळ करायची नाही, हा बाबांचा नियम होता. माझ्या डोळ्यांदेखत एक पिल्लू कट्ट्याच्या कडेला लोंबकळत होतं तेव्हा त्यांनी माझा हात धरून ठेवला होता. घट्ट.

दवाखान्यात एकदा आईचं मनगट हातात घेऊन बाबा म्हणाले, "तुझंच बरोबर असेल. हलकं होतंय नुसतं." आईने डोळे उघडले. "गप रे. हे ते नाही," ती म्हणाली. "हा आजार आहे. उगाच माझा सिद्धान्त इथे आणू नकोस." मग थोडं थांबून म्हणाली, "आणि इतक्या लवकर हार मानणार असशील तर तुझ्याशी भांडण्यात मजा नाही." बाबा हसले होते. मला ते हसू आठवतं. त्यानंतर कोणी तिथे हसलं नाही.

मी पोत्यांवर पेंगले असणार. जाग आली ती वासाने. बाबांची पाठ माझ्याकडे होती. मांडीवर आत्याचा डबा उघडा. त्यांनी माशाचा एक तुकडा बोटांनी नीट चाचपला, काटा राहिला नाही ना ते बघितलं, मग वाकून खिडकीच्या खालच्या नळीचं बूच काढलं आणि तुकडा आत सरकवला. बाहेर घरट्याच्या काठाशी तो पांढरा तुकडा आला. जाऊबाईने तिकडे बघितलं, मग आपल्या प्रतिबिंबाकडे, मग तुकडा गिळला. पडद्यावरची रेघ केसभर वर चढली.

"अजून एक," बाबा अगदी हळू म्हणाले. तो आवाज मला ठाऊक होता. "एवढा एकच. मग नाही म्हटलंस तर चालेल."

मी उठून बसले. पोतं वाजलं. ते वळले नाहीत, पण हात थांबला.

"तराजूकाकांनी दोनदा काटा बदलला," मी म्हटलं.

"हो."

"आत्याला वाटतंय तुम्ही जेवताय."

"ताईला सांगू नकोस. ती मासे पाठवायचं बंद करेल."

"बाबा, तुम्ही काय खाता?"

त्यांनी विचार केला, प्रामाणिकपणे, जणू कोणी परक्याने माहिती विचारली होती. "चहा असतो," ते म्हणाले. "बिस्किटं होती."

मला रागवायचं होतं. त्याऐवजी मी भलतंच काहीतरी विचारलं. "मीठ का नको म्हणालात? समुद्रातले पक्षी ना हे? खारं पाणी पितात ते."

"पितात तर. नाकावाटे बाहेर टाकतात जास्तीचं मीठ. डोळ्यांच्या वर ग्रंथी असतात, त्या..." ते वर्गात बोलतात तसं बोलायला लागले आणि मध्येच थांबले. हातातल्या तुकड्याकडे बघितलं. "खरंच की. ह्यांना मिठाने काय होणार? मी का बरं..."

मूत्रपिंडांनी काम सोडलं तेव्हापासून आईच्या जेवणात मीठ नव्हतं. सगळा वेळ बाबा स्वतःच्या हाताने तिचा मासा उकडायचे, काटे काढायचे, घास तिच्या तोंडाशी धरून म्हणायचे, एवढा एकच.

जन्मभर ह्या पक्ष्यांच्या पोटात काय जातं ते मोजलेल्या माणसाने एका कुरवीला आजारी माणसाचं पथ्य लावलं होतं.

बाबांनी तुकडा डब्यात परत ठेवला. फार सावकाश, कोणाला जाग येऊ नये असा. खोलीत बाकीच्या खिडक्यांमधून पक्षी कुरकुरत होते, उठत होते, अंडं फिरवून पुन्हा बसत होते. खाली कुठेतरी तराजूकाका खिळा ठोकत होते. धुकं आता विरायला लागलं होतं आणि पाण्यावर एक लांबट उजेड पडला होता, कोणी चादर झटकून अंथरावी तसा.

"मी भरवणं थांबवलं तर ही जाईल," बाबा म्हणाले.

"हो."

"अंडं थंड पडेल."

"हो, बाबा."

मी स्टूल ओढून त्यांच्या शेजारी बसले. डबा त्यांच्या मांडीवरून माझ्या मांडीवर घेतला. एक तुकडा उचलला आणि त्यांच्यापुढे धरला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, वैतागून, लहान मुलं बघतात तसं. मग तोंड उघडलं. चावताना त्यांच्या गालाचं हाड वरखाली होत होतं. मी दुसरा दिला. मग त्यांनीच तिसरा घेतला. आम्ही दोघांनी खिडकीवरची नजर काढली नाही.

"भयंकर आहे हे," ते घास गिळून म्हणाले. "ही बिचारी कशी काय खात होती?"

जाऊबाई नळीच्या तोंडाकडे बघत राहिली, बराच वेळ. मग शेजारणीच्या घरट्याकडे. मग उठली. अंड्याकडे मान वळवली, चोचीने ते थोडं फिरवलं. मला वाटलं पुन्हा बसेल. ती कट्ट्याच्या कडेला गेली, पंख उघडले आणि स्वतःला सोडून दिलं.

ती पडली. खरंच, दगडासारखी खाली गेली; बाबा स्टुलावरून अर्धे उठले. मग पाण्याच्या अगदी वर पंखांत हवा भरली आणि ती जडजड, कष्टाने, हेलकावे खात वर आली. तिला नीट उंची घ्यायला किती वेळ लागला! एरवी हे पक्षी कट्ट्यावरून असे सुटतात की जणू कोणी फुंकर मारली. ती उजेडाच्या पट्टीवरून गेली आणि दिसेनाशी झाली.

काट्यावर फक्त घरट्याचं आणि अंड्याचं वजन उरलं. रेघ सरळ खाली आली.

बाबांनी काचेखालचं छोटं दार उघडलं. समुद्राचा वारा आत आला. त्यांनी हात बाहेर घातला आणि अंड्यावर तळवा ठेवला, झाकल्यासारखा. मी त्यांना अडवलं नाही. मनगट बारीक दिसत होतं, बाही खूप मोठी.

"गरम आहे अजून," ते म्हणाले.

आम्ही तसेच राहिलो. एरवी बुजणाऱ्या शेजारणीने ह्या बाजूला बघितलं, उघड्या दारातून आलेला माणसाचा हात बघितला, आणि तिला त्याचं विशेष काही वाटलं नाही. ऊब उतरायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागला. मग बाबांनी हात आत घेतला, दार लावलं, आणि तो हात दुसऱ्या हातात धरून बसले.

"भरली होती की ती," ते म्हणाले. मला नाही, काचेला. "वजन उतरलं नव्हतं. भूक लागून नाही गेली. जायचं होतं तिला."

"हो."

"आणि मी टिकवलेल्या वजनाने तिला धड उडतासुद्धा येईना. बघितलंस ना? कशी पडली!"

"वर आली पण."

"वर आली," त्यांनी कबूल केलं. त्यांनी पडद्यावरची सपाट रेघ पुन्हा एकदा न्याहाळली. "ह्या खिडकीचे आकडे टाकून द्यावे लागतील. माझाच हात लागलाय त्यांना." त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा लावला. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं आणि ते म्हटलं की काहीतरी संपणार होतं, हे मला त्यांच्या पाठीवरून कळत होतं. म्हणू नका, असं माझ्या ओठांवर आलं होतं.

"तुझ्या आईचं," ते म्हणाले, "अर्धं बरोबर होतं."

"अर्धं?"

"अर्धंच. एका पक्ष्यावरून काही सिद्ध होत नाही. ती पण हेच म्हणाली असती." ते उभे राहिले, तोल जाऊ नये म्हणून माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्या हाताचं वजन नाहीच असं वाटलं. "राहिलेल्या अर्ध्याचं काय ते बघायला लागेल. बाकीच्या खिडक्या आहेत अजून."

"उद्या बघू."

"उद्याच," ते म्हणाले. "सकाळी येऊ. ताई उठायच्या आत निघू, नाहीतर बाहेर सोडायची नाही."

जिना उतरताना ते दर वळणावर थांबत होते, श्वास घेत होते. खाली तराजूकाका तसेच पायरीवर होते.

"डॉक्टर, काटा आणून दाखवू?"

"नको. तुमचा काटा ठीक आहे," बाबा म्हणाले.

"ते मी पहिल्या दिवसापासून सांगतोय! मग गडबड कुठे होती?"

"वर होती," बाबा म्हणाले, आणि चढाच्या रस्त्याकडे बघून त्यांनी माझ्या दंडात हात घातला. "जरा हळू चाल. मला सवय राहिली नाही."